समुद्री टाकीचा प्रोटीन स्किमर: हवा किती, पाणी किती

राहायचं बेळगावात आणि पाळायचे समुद्री मासे, तर पाण्याची उधळपट्टी परवडत नाही. गोव्याचा किनारा चोर्ला घाटापलीकडे. कॅन भरून आणणारे आणतात, पण पावसाळ्याचे चार महिने नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला मिसळतं, खारटपणा उतरतो आणि ते पाणी टाकीत घालण्याच्या लायकीचं राहत नाही. मिठाच्या पिशवीतून पाणी बनवायचं तर खर्च वाढतो. कारवार-पणजीचा माणूस टाकी बिघडतेय असं दिसलं की पाणी बदलून मोकळा होतो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून टाकीतली घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आपल्याकडे जास्त जीव लावून बनवायला हवा.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे नवे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: 'पंप कितीचा घेऊ?' पंप सगळ्यात शेवटी ठरतो. आधी टाकीचे लिटर, मग पाण्याचा वेग, मग हवा, मग स्किमरच्या उभ्या नळीचा व्यास आणि उंची, मग मान (नळीवरचा अरुंद भाग, जिथे फेस दाटतो) आणि त्यानंतर पंप. हा क्रम उलटा केला की मोठा पंप आणि अरुंद नळी घरात येते. मग मानेवरच्या मळ गोळा करणाऱ्या कपात घट्ट काळपट मळ जमायच्या जागी चहासारखं पाणी भरत राहतं.

आत काय घडतं

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि शेवाळाचा स्राव यांतून पाण्यात जे सेंद्रिय पदार्थ उतरतात, त्यांतल्या पुष्कळशा रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाणी टाळतं. असा रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठावर जाऊन बसतो. बुडबुडा म्हणजे असं पृष्ठच. बुडबुडे वर चढतात, मानेत गर्दी करून फेस होतात, फेसातलं पाणी खाली निथळतं आणि मळ कपात पडतो.

काम करतं ते पृष्ठ, हवा फक्त ते पृष्ठ तयार करते. त्याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर हवेतून मिळणारं पृष्ठ, चौरस मीटरमध्ये = ६ ÷ बुडबुड्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चार मिलिमीटरचे ढोबळ बुडबुडे असतील तर लिटरमागे दीड चौरस मीटर. ०.८ मिलिमीटरचे असतील तर साडेसात. म्हणजे हवा तेवढीच असली तरी काम पाचपट. ताशी ५०० लिटर हवा ०.८ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत फोडली तर तासाला ३,७५० चौरस मीटर पृष्ठ मिळतं, आपल्या मोजणीत ३७ गुंठे. तीच हवा ढोबळ बुडबुड्यांत गेली तर जेमतेम साडेसात गुंठे. मी हवेच्या आकड्याआधी बुडबुड्याचा आकार बघतो तो याचसाठी.

हे बारीक बुडबुडे टिकतात ते मिठामुळे. गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. तेव्हा तयार स्किमर नळाच्या पाण्यात चालवून 'फेस येत नाही' म्हणून नाराज होऊ नका. गळती बघायला नळाचं पाणी चालेल, पण बुडबुडे तपासायला टाकीइतकंच खारट पाणी घ्या.

टाकीचे खरे लिटर

उदाहरण म्हणून नेहमीची चार फुटी टाकी घेऊ: १२० सें.मी. लांब, ४५ रुंद, ४५ उंच. पाणी ४० सें.मी.पर्यंत भरतो, म्हणजे १२० × ४५ × ४० ÷ १००० = २१६ लिटर. दगड आणि वाळू वीसेक लिटर जागा खातात. खालच्या संपमध्ये, ६० × ३५ च्या टाकीत २५ सें.मी. पाणी, म्हणजे साडेबावन्न लिटर. सगळं मिळून जवळपास २५० लिटर. पुढचे सगळे आकडे या २५० वर आहेत. तुमच्या टाकीला तुमचा आकडा घाला.

पाणी किती न्यायचं

स्किमरमधून निघालेलं पाणी पुन्हा टाकीतच मिसळतं. त्यामुळे ताशी २५० लिटर पाणी फिरवलं म्हणजे तासात सगळी टाकी स्किमरमधून गेली असं होत नाही. एका तासानंतरही सुमारे ३७ टक्के पाणी एकदाही आत गेलेलं नसतं, तीन तासांनी ५ टक्के उरतं. जवळपास सगळं, म्हणजे ९९.९९ टक्के पाणी एकदा तरी आतून जायला लागणारे तास = ९.२ × टाकीचे लिटर ÷ ताशी प्रवाह. प्रवाह २५० असेल तर सव्वानऊ तास, १२५ असेल तर साडेअठरा तास.

म्हणजे निम्म्या वेगानेही दिवसभरात पाणी फिरून जातं. मोठा प्रवाह लावण्यात मिळकत थोडी आणि तोटा जास्त, कारण पाणी जितकं जोरात जाईल तितका बुडबुड्यांचा सहवास कमी आणि त्यांच्या पृष्ठावर मळ चिकटायला वेळ कमी. उलट फारच थोडं पाणी दिलं तर आतल्या पाण्यातला मळ लवकर संपतो, फेसाला आधार उरत नाही आणि मानेतला फेस सारखा बसतो. माझ्या मते नवख्याने तासाला एक टाकी, फार तर सव्वा, हे प्रमाण धरावं. आपल्या उदाहरणात ताशी २५० लिटर.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरांची मोजमापं झाली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी पाचवा ते तिसरा हिस्साच स्किमर काढू शकतो, असं त्यांत दिसलं. उरलेला भाग बुडबुड्याला चिकटतच नाही. म्हणून टाकीच्या तिप्पट मापाचा स्किमर बसवून पाणी तिप्पट स्वच्छ होणार नाही. मापात बसणारा स्किमर नीट चालवणं हाच फायद्याचा मार्ग.

हवा किती, नळी किती रुंद

हवेला मर्यादा घालते ती नळीची रुंदी. नळीच्या आडव्या छेदाच्या मानाने हवा फार झाली तर आतलं पाणी घुसळलं जातं, बुडबुडे एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि फेस फाटतो. नळीत हवेचा वेग, म्हणजे सेकंदाची हवा भागिले नळीचा छेद, सेकंदाला ०.५ ते १ सें.मी. ठेवावा. मी ०.८ धरतो.

ताशी लिटर हवा = छेद (चौरस सें.मी.) × वेग (सें.मी. सेकंदाला) × ३.६.

आता आपल्या भागाचा फायदा. उसाच्या पट्ट्यात पीव्हीसी पाईप मिळत नाही असं तालुक्याचं गाव नाही. अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक, कुठेही शेती पाईपच्या दुकानात १६० एमएम म्हणजे सहा इंची पाईपचा तुकडा मागा. दाबाच्या वर्गाप्रमाणे आतला व्यास थोडा बदलतो, पण साधारण १५ सें.मी. पडतो. पट्टी लावून मोजूनच घ्या. छेद: १५ × १५ × ०.७८५ = १७७ चौरस सें.मी. हवा: १७७ × ०.८ × ३.६ = ताशी सुमारे ५०० लिटर. टाकीच्या प्रत्येक लिटरमागे ताशी दोन लिटर हवा. मध्यम मासे असलेल्या टाकीला हे भरपूर झालं.

११० एमएमच्या पाईपला हाच हिशोब लावला तर ताशी २४५ लिटरच्या आसपास हवा बसते, म्हणजे ती शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीपुरती. २०० एमएमला आठशेच्या आसपास, तो चारशे लिटरच्या टाकीला. मधल्या मापाचा प्रश्न आला तर मोठी नळी घेऊन हवा थोडी कमी ठेवा. लहान नळीत हवा कोंबून काम होत नाही.

आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहोत हेही लक्षात घ्या. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. बुडबुड्याच्या पृष्ठाला त्याने फरक पडत नाही, कारण तिथे घनफळ मोजतात. फरक पडतो तो प्राणवायूत. २६ अंशाच्या समुद्री पाण्यात किनाऱ्यावर लिटरमागे ६.६ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, आपल्याकडे तो ६ च्या आसपास. गोव्यात ज्या टाकीत दहा मासे आरामात राहतात, तेवढेच इथे ठेवताना हात आखडता घ्यावा आणि स्किमर रात्री बंद करू नये. पाण्यात हवा मिसळण्याचं कामही तोच करत असतो.

उंची आणि सहवासाचा वेळ

पाणी वरून येऊन खाली जावं आणि बुडबुडे खालून वर चढावेत, अशी उलट्या दिशेची रचना करा. ताशी २५० लिटर म्हणजे सेकंदाला ६९ घन सें.मी. छेद १७७, म्हणून पाणी खाली उतरतं सेकंदाला ०.३९ सें.मी. वेगाने. ०.८ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण ८ सें.मी. चढतो. नळीत पाण्याची कामाची उंची ४० सें.मी. धरली तर बुडबुडा पाच-सहा सेकंदांत वर पोचतो.

पाण्याचं काय? ४० सें.मी. उंचीत सात लिटर मावतात. त्यातली दहावी वाटणी हवेने व्यापलेली, कारण पूर्ण छेदावर मोजलेला हवेचा वेग ०.८ आहे आणि बुडबुडे प्रत्यक्षात ८ च्या वेगाने चढतात. राहिलं ६.४ लिटर पाणी. ६,४०० ÷ ६९ = सुमारे ९२ सेकंद. जुने जाणकार दोन मिनिटं सांगतात. ते हवं असेल तर उंची ५२ सें.मी. करा किंवा पाणी ताशी १९० लिटरवर आणा. टाकीखालच्या कपाटात ७५ सें.मी. उंची असेल तर खालचा कक्ष ८, नळी ४०, नळीवरून मानेकडे अरुंद होत जाणारा रिड्युसर ८ ते १०, मान १२ आणि वर कप, एवढं जेमतेम बसतं. तिथे दीड मिनिटावर समाधान मानावं. ज्यांचा संप गच्चीखाली किंवा मागच्या पडवीत उघड्यावर आहे, त्यांनी उंची जरूर वाढवावी. उंची वाढली की हवा न वाढवता काम वाढतं.

मान

मानेत फेस दाटतो आणि निथळतो. फार रुंद मान असेल तर फेस वर पोचायच्या आत फुटतो. फार अरुंद असेल तर ओला फेस दाबाने वर ढकलला जाऊन कपात पाणीच पडतं. मानेतला हवेचा वेग सेकंदाला दीड ते अडीच सें.मी. असावा. ताशी ५०० लिटर म्हणजे सेकंदाला १३९ घन सें.मी. मानेचा आतला व्यास १० सें.मी. घेतला तर छेद ७८.५ आणि वेग १.७७. बरोबर बसतं. मोजकेच मासे असतील तर मान ९ सें.मी. घ्या.

१६० वरून ११० वर आणणारा रिड्युसर पाईपच्या दुकानातच मिळतो. त्याचा उतार जितका सावकाश तितका फेस न फुटता वर सरकतो. मान मात्र पारदर्शक हवी, नाहीतर आत काय चाललंय ते कळणार नाही. ॲक्रिलिकची नळी कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवावी लागते. चकत्या आणि कपाचा तळ नामफलक बनवणाऱ्यांकडे कापून मिळतो. रिंग आणि बसकी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काढून घेता येतात. लेथवरून आलेला प्रत्येक तुकडा भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवून, भरपूर पाण्याने खळखळून काढा. तेलाचा किंवा साबणाचा अंश उरला तर तेल फेस मारतं आणि साबण तो भडकवतो.

पंप आता

पाण्याला एक आणि बुडबुड्यांना एक, असे दोन पंप वेगळे ठेवा. एकाच पंपाने दोन्ही कामं घेतली तर पाणी कमी करायला गेलं की हवा घटते आणि हिशोब हातातून जातो. पाण्यासाठी ताशी चार-पाचशे लिटरचा छोटा पंप आणि पुढे झडप. बुडबुड्यांसाठी सुया असलेल्या चाकाचा पंप, जो स्किमरमधलंच पाणी ओढून, हवेच्या बारीक नळीतून हवा घेऊन, चुरा करून परत आत सोडतो.

ठिबकला खत सोडायची वेंच्युरी आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरात पडलेली असते, ती लावता येईल का, असं बरेच जण विचारतात. तत्त्व तेच आहे, पाण्याच्या वेगाने हवा ओढून घ्यायचं. पण तिला दोन्ही बाजूंच्या दाबात चांगला फरक लागतो आणि टाकीचा छोटा पंप दोन-एक मीटरच पाणी चढवतो. हजार लिटरच्या वर, मोठ्या पंपावर ती वापरा, आपल्या २५० लिटरला नको.

हवा बारीक छिद्रांतून सोडणारे लाकडी हवादगड आणि हवेचा पंप हा सगळ्यात स्वस्त मार्ग. बुडबुडे सुंदर येतात. मात्र दगड काही आठवड्यांत तुंबतात आणि पंपाच्या खोक्यावरचा आकडा उघड्या हवेतला असतो. अर्धा मीटर पाण्याखाली आणि दगडाच्या अडथळ्यातून तो बराच घसरतो. ताशी ५०० हवी असेल तर खोक्यावर निदान दीडपट आकडा बघा.

झडप घेताना दुकानदार पितळी गेट व्हॉल्व्ह पुढे करेल, चांगल्या मनाने करेल. घेऊ नका. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात सुटतं आणि कोळंबी, प्रवाळ मारतं. प्लास्टिकचाच व्हॉल्व्ह मागा.

बाहेर जाणारं पाणी तळातून काढा आणि तळाशी बुडबुडे शिरणार नाहीत असा मोकळा कक्ष ठेवा. २५ एमएमच्या तोंडात पाण्याचा वेग सेकंदाला १४ सें.मी. होतो. बुडबुडा ८ ने चढतो, म्हणजे तोंडाजवळ आलेला प्रत्येक बुडबुडा टाकीत वाहून जाणार. नळी आणि कक्ष यांच्यामध्ये भोकं पाडलेली चकती बसवली की खळबळ वरच राहते.

मोजा, अंदाज नको

पाणी मोजायला एक लिटरचं माप आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरे. बाहेर पडणारं पाणी मापात धरा. १४ सेकंदांत लिटर भरला तर ताशी २५० च्या जवळ आहात. पाच वेळा धरून सरासरी काढा.

हवेसाठी ॲक्रिलिकचा साधा रोटामीटर (आतल्या गोळीच्या उंचीवरून हवेचा प्रवाह दाखवणारी उभी नळी) घ्या, मिनिटाला १ ते १० लिटरचा. दवाखान्यातल्या सिलिंडरवरचा चालत नाही, तो दाबाच्या वायूसाठी असतो. हवेच्या नळीच्या टोकाला, म्हणजे जिथून हवा आत ओढली जाते तिथे, तो उभा लावा, त्याची झडप पूर्ण उघडा आणि गोळीच्या मध्यावर आकडा वाचा. ८.३ दिसलं की ताशी ५००. समुद्रसपाटीच्या हिशोबाने आखलेला रोटामीटर आपल्या उंचीवर चार-पाच टक्के कमी दाखवतो, तेवढी सूट धरा. आकडा एकदम निम्मा आला तर बहुधा हवेच्या छिद्रात मिठाचा खडा बसलेला असतो. सिरिंजने कोमट गोडं पाणी सोडा, पाच मिनिटांत मोकळं होतं.

हवेच्या नळीचं टोक स्वयंपाकघराच्या बाजूला ठेवू नका. फोडणीचा वाफारा, धूप, डासांची कॉइल, जे हवेत असेल ते पाण्यात घुसळलं जातं. पावसाळ्यात खिडक्या बंद घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो. नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढून टोक खाली वाकवून ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

सुरुवातीचे दिवस

नवीन स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा फेस काढतो किंवा अजिबात काढत नाही. पाईप चिकटवायच्या सॉल्व्हेंटचा आणि प्लास्टिकचा अंश जाऊन आतल्या भिंतीवर पातळ थर बसेपर्यंत हे चालतं, कधी आठवडा, कधी दोन. तोवर हवेला हात लावू नका. स्किमरमधून बाहेर जाणाऱ्या पाण्यावरच्या व्हॉल्व्हने आतल्या पाण्याची पातळी मानेच्या तळाशी ठेवा आणि दिवसातून एकदाच, पाव फेरा, एवढाच बदल करा. खाणं टाकल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर फेस बसतो, तासा-दोन तासांत परत येतो. मानेच्या आतला चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसा. तो राहिला तर नवा फेस वर चढत नाही.

वीज जाण्याचा विचार आधीच करून ठेवा. वीज गेली की टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं, तिथली पातळी वाढते. वीज आली की स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून मळ परत संपमध्ये सांडतो. बुडबुड्यांच्या पंपाला पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावा. कपाच्या तळाला नळी जोडून ती झाकणाच्या कॅनमध्ये सोडा, आणि झाकणात हवा जायला बारीक भोक ठेवा. पंपाच्या वायरीला बोर्डाच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी प्लगपर्यंत न पोचता तिथेच गळून पडेल. गळती ओळखून लाईन तोडणारा ब्रेकर याच बोर्डावर बसवून घ्या, आणि तो बसेपर्यंत संपमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढा.